७ जून २०२४ : ‘मुंज्या’ पडद्यावर

कोकणातल्या पिंपळावरचा मुंज्या ७ जून २०२४ रोजी देशभरच्या चित्रपटगृहांत पोहोचला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हा भय-विनोदपट हिंदी असला, तरी त्याची नाळ आपल्याच मातीत पुरलेली आहे. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला तर पिंपळावर वस्तीला राहतो, ही समजूत आपल्याकडे आजीच्या गोष्टींतून चालत आली. चित्रपटातला गोट्या १९५२ मध्ये मुन्नीशी लग्न करण्याच्या हट्टाला पेटतो, बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. पुढे तो मुंज्या होऊन पुण्याच्या बिट्टू नावाच्या तरुणाच्या मानगुटीवर बसतो. संगणकावर घडवलेलं हे भूत हसवतं आणि दचकवतंही. सुहास जोशींनी साकारलेली बिट्टूची आजी मात्र साऱ्यांत अस्सल.

तळकोकणात भय आणि भक्ती शेजारी नांदतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने २०१६ पासून हेच वातावरण घरोघरी नेलं होतं. तेच वातावरण मोठ्या पडद्यावर आणणाऱ्या ‘मुंज्या’ने बडे तारे नसतानाही १०० कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडला.