खोलीभाडे, सरकार आणि आपला उंबरा

आमचं घर कोडोलीत. वारणानगर इथून हाकेच्या अंतरावर. 1983 साली तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि हळूहळू आमच्या गावात माडीवर खोल्या चढू लागल्या. आमच्या अब्बांनीही तीन खोल्या काढल्या. म्हशीचं दूध आणि खोलीभाडं यावर कोडोलीतल्या बऱ्याच घरांचा महिन्याचा किराणा चालतो, त्यात आमचंही एक.

गेल्या जूनमध्ये एक मुलगा वडिलांना घेऊन खोली बघायला आला. वडील अल्पभूधारक, नेसण्यात धोतर, हातात पिशवी. खोली पसंत पडली. मग मुलगा अडखळत म्हणाला, "काका, मला सरकारकडून राहण्याचा भत्ता मिळणार हाय. त्यासाठी भाडेकरार लागतोय. आणि पैसे जरा उशिरा येतात." अब्बा गप्प झाले. ते बापलेक चहा पिऊन गेल्यावर मला म्हणाले, "खोली देऊ, पण कागद नको. कागद केला की खोली गेली."

अब्बांच्या या एका वाक्यात मोठा इतिहास आहे. तो सांगावा म्हणून हा लेख.

शिकायला गावाबाहेर पडलेल्या मुलानं राहायचं कुठं, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवता येत होतं, ओळखीच्या घरी पथारी टाकता येत होती. बाकीच्यांना तेही नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं, पण व्यवहारात ते एकाच जातीचं होऊन बसलं. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. मुस्लिम बोर्डिंगसाठी महाराजांनी शिक्षण संस्था स्थापन करवली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातून जाताना ती इमारत आजही दिसते. आपल्या आधीच्या पिढ्यांतले किती वकील, मास्तर, कारकून त्या छपराखाली शिकले!

महाराजांची रीत अशी होती : जागा आणि मदत संस्थानाची, कारभार समाजाचा. त्यात घरमालक नावाचा माणूसच नव्हता. मुलाला कुणाच्या दारात उभं राहून आडनाव सांगावं लागत नव्हतं.

दारात उभं राहिलं की काय होतं, हे 1917 मध्ये बडोद्यात दिसलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशी शिक्षण होतं, पद होतं, पगार होता. नव्हती ती फक्त खोली. शेवटी पारशी नाव घेऊन ते पारशांच्या उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही सबबी सांगितल्या. भाडं भरायची ऐपत असली म्हणजे खोली मिळतेच असं नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

आता अब्बांच्या भीतीकडे येऊ. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिलं. टंचाईच्या काळात ते गरजेचंच होतं. मालकांनी त्यातून वाट काढली : भाडेकरू म्हणायचं नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणायचं. मग 1973 मध्ये कायदा बदलला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागेत राहणारे असे परवानेधारक भाडेकरू ठरले. दुसरीकडे 1948 च्या कायद्यानं सरकार खाजगी घरं अधिग्रहित करून आपल्या कर्मचाऱ्यांना देत होतं. तात्पुरती म्हणून घेतलेली ही घरं तीस-तीस वर्षं परत मिळाली नाहीत. अधिग्रहण असं बेमुदत चालू ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये आणि पुन्हा 1994 मध्ये सांगितलं. त्यावर राज्यानं कायदा बदलून त्या रहिवाशांना भाडेकरूच करून टाकलं आणि 2003 मध्ये न्यायालयानं तो बदल मान्य केला. हे सगळं प्रामुख्यानं मुंबईत घडलं. पण गिरणीत आणि गोदीत काम करून गावी परतलेल्या माणसांबरोबर ही भीतीही गावोगाव आली. 'सरकारी भाडेकरू' आणि 'कागद' हे दोन शब्द एकत्र आले की म्हातारी माणसं आजही दचकतात.

मात्र कायदा तिथे थांबला नाही. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. कलम 24 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मागू शकतो. म्हणजे अब्बांचं वाक्य आता उलटं झालं आहे. कागद न करणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते.

सरकारची रीतही बदलली. 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर थेट रक्कम येते. मूळ निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला 60,000 रुपये होती, त्यातले 20,000 राहण्यासाठी. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आला.

शाहू महाराजांनी इमारत दिली, आजचं सरकार पैसे देतं. मधला फरक म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्या योजनेत मुलानं खोली स्वतः शोधायची आहे, तिचं शेवटचं दार घरमालकाच्या हातात असतं. मी करार दिला नाही, तर मंत्रालयातून निघालेला पैसा माझ्या उंबऱ्यावर अडतो.

आणि आपल्याला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. माझ्या पुतणीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा फोनवर "या, खोली आहे" म्हणणारे नाव ऐकल्यावर "आत्ताच गेली हो" म्हणाले. एक नाही, पाच ठिकाणी. ती रडत नव्हती, ते ऐकून आमची अम्मी रडत होती.

मी हे सगळं अब्बांना सांगितलं. हप्ता उशिरा येण्याची त्यांची काळजी मात्र खरी होती. ती नाकारून चालणार नाही, आमच्याही घरचा किराणा त्यावर आहे. तेव्हा बसून ठरवलं : अकरा महिन्यांचा नोंदवलेला करार, अनामत एका महिन्याची, दर महिन्याला निम्मं भाडं आणि उरलेलं भत्ता जमा झाल्यावर. हे सगळं करारातच लिहिलं. मुलाची माहिती पोलीस ठाण्यात दिली. भत्त्याचा अर्ज त्यानं त्याच करारावर भरला.

पहिला हप्ता यायला बरेच महिने गेले. अब्बा अधूनमधून कुरकुरले. पण रमजानच्या सुरुवातीला त्या मुलाचे वडील पुन्हा आले, पिशवीत गुळाची ढेप घेऊन. थकलेलं भाडं मोजून देताना म्हणाले, "चाचा, तुम्ही कागद दिलासा म्हणून पोराचं वर्ष वाचलं." अब्बांनी पैसे न मोजताच खिशात ठेवले आणि मला हाक मारली, "पुढच्या वर्षाचा करार कधी करायचा, ते विचार त्याला."