माती वाहणारं गाढव आणि जुन्या पोलोचे शॉकअप

दहा-बारा वर्षं वापरलेली पोलो जीटी टीएसआय गॅरेजमध्ये नेली आणि शॉकअप गेल्याचं निदान झालं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बदलायचेच आहेत, तर कंपनीचेच कशाला? स्प्रिंगाही कडक टाका, गाडी जराशी खाली बसवा, मग बघा कशी रस्त्याला चिकटून चालते." मेकॅनिक हे म्हणतो, मित्र म्हणतात, आणि असा बदल करून बसलेला प्रत्येक मालक शपथेवर म्हणतो. हे मत मला चुकीचं वाटतं. प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा असता, तर मी गप्प बसलो असतो. पण या मतामागे पदार्थविज्ञानाचे दावे आहेत आणि ते तपासता येतात.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात. चाकणला बनलेली ही गाडी 2013 मध्ये आली. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी. 2022 मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं, त्यामुळे ज्यांच्याकडे चांगली गाडी उरली आहे ते ती विकायला तयार नाहीत. पूर्वपक्ष म्हणतो की कंपनीला सगळ्यांनाच खूश ठेवायचं होतं: मागच्या सीटवर बसणाऱ्या आजींना, डिकी भरून गावी जाणाऱ्यांना, खड्ड्यांच्या रस्त्यांना. म्हणून गाडी उंच आणि मऊ ठेवली. हौशी चालकाची गरज वेगळी आहे. कडक स्प्रिंगेने गाडी वळणावर कमी कलते, ब्रेकला नाक खुपसत नाही. खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो. शर्यतीच्या सगळ्या गाड्या कडक आणि ठेंगण्याच असतात. आणि शेवटचं, सगळ्यांत वजनदार प्रमाण म्हणजे अनुभव: ज्याने ज्याने हा बदल केला, त्याला गाडी पालटल्यासारखी वाटली.

मी सुरुवात अनुभवापासूनच करतो, कारण तो खोटा नाही. गाडी खरोखर पालटते. पण कशामुळे?

नैयायिकांनी कार्यकारणाचा विचार करताना एक सुंदर संज्ञा घडवली: अन्यथासिद्ध. घट तयार झाला, त्याच्या आधी कुंभार होता, चाक होतं, माती होती, आणि ती माती पाठीवरून वाहून आणणारं गाढवही होतं. गाढव घटाच्या आधी हजर होतं हे खरं, तरी ते घटाचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घट झालाच असता. आपल्या गाडीच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. जो मालक कडक स्प्रिंगांचा संच बसवतो, तो त्याच वेळी नवे शॉकअप, नवे स्ट्रट माउंट, नवे बंप स्टॉपर बसवतो, बहुधा लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉडही बदलतो, वर अलाइनमेंट करून घेतो. मग घाटात जातो आणि आदल्या दिवशीच्या, ऐंशी हजार किलोमीटर झिजलेल्या गाडीशी तुलना करतो. सुधारणेचं श्रेय मात्र जातं स्प्रिंगेच्या कडकपणाला. तो कडकपणा इथे माती वाहणारं गाढव आहे. व्यतिरेक कुणी तपासलेलाच नसतो: सगळे भाग मूळ मापाचेच पण नवे घातले असते, तर गाडी कशी चालली असती? ती गाडी मालकाने कधीतरी चालवली होती, नवी असताना. पण झीज इतकी हळू होते की हात आणि कान तिच्याबरोबर जुळवून घेत जातात, आणि मूळ गाडीची आठवण पुसली जाते.

झिजतं काय, हेही नीट पाहायला हवं. शॉकअपमधलं तेल पातळ होतं, सील गळतं, आतल्या व्हॉल्व्हची धार जाते. रबरी बुशना चिरा पडतात आणि ज्या चाकाने ठरलेल्या रेषेत हलायचं, ते ब्रेक दाबल्यावर मागे-पुढे सरकू लागतं. स्ट्रट माउंटचं रबर बसतं. लिंक रॉडचे सांधे खुळखुळतात. आणि स्प्रिंग? "स्प्रिंगा मऊ पडल्या" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो, आणि यांतलं काहीच वयाबरोबर बदलत नाही. जुनी स्प्रिंग थोडी बसू शकते, म्हणजे तिची लांबी घटते, गंजून तुटूही शकते. पण ती मऊ होत नाही. म्हणजे सगळ्या संचात जो भाग सर्वांत कमी झिजलेला असतो, तोच बदलण्याचा आग्रह सर्वांत मोठा.

आता कलण्याकडे वळू. कमी कलणं म्हणजे जास्त पकड, असं आपण डोळ्यांनी ठरवतो. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि टायरची एकूण पकड त्यामुळे घटते, इथवर बरोबर. पण तो भार किती सरकणार, हे ठरतं गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर. या हिशेबात स्प्रिंगेचा कडकपणा जवळजवळ येतच नाही. कडक स्प्रिंगेने गाडी कमी झुकेल, भार मात्र तेवढाच सरकेल. गाडी खाली बसवल्याचा फायदा होतो, पण किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर धरा आणि गाडी 3 सेंटिमीटर खाली आणा. भाराचं सरकणं सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटलं. चांगल्या आणि टणक झालेल्या जुन्या टायरमधला फरक याहून कितीतरी मोठा असतो.

आणि हे साडेपाच टक्केही फुकट मिळत नाहीत. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सनने ही रचना जनरल मोटर्समध्ये, कधीच बाजारात न आलेल्या शेव्हरोले कॅडेटसाठी विकसित केली, आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावरच चालतात. साधी, स्वस्त, आटोपशीर. पण तिला उंचीतली ढवळाढवळ मानवत नाही. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि या रचनेत तो बिंदू लोअर आर्मच्या कोनावर अवलंबून असतो. गाडी खाली बसवली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक तुलनेने वर जातं, आणि रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त खाली घसरतं. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर, म्हणजे गाडीला कलवणाऱ्या तरफेची लांबी, उलट वाढते. कडक स्प्रिंगेच्या जोराचा एक हिस्सा मग खाली बसवल्याने झालेलं नुकसान भरून काढण्यात खर्ची पडतो. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे मार्ग जुळेनासे होतात, म्हणून एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातात आपोआप ओढ खातं. लोक याला "रस्ता जाणवतो" म्हणतात.

खरा घात मात्र प्रवासाचा होतो. प्रवास म्हणजे चाकाला वर उचललं जायला असलेली जागा. समजा, मूळ गाडीत ती 80 मिलिमीटर आहे. 30 मिलिमीटर खाली बसवली, उरली 50. स्प्रिंग किती धक्का पचवेल, हे दाबल्या जाणाऱ्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणून 50 मिलिमीटरमध्ये तेवढाच धक्का पचवायला अडीचपट कडक स्प्रिंग लागेल. बाजारातल्या संचातली स्प्रिंग आपण 40 टक्के कडक धरू, तरी ती आधीच्या जेमतेम 55 टक्के धक्का पचवते. उरलेला जातो बंप स्टॉपरवर. ताम्हिणीत पावसाळ्यानंतर वळणाच्या ऐन मध्यावर डांबर उखडलेलं असतं. तिथे बाहेरचं पुढचं चाक आधीच दबलेलं असतं, त्यात खड्डा येतो, स्टॉपर लागतो आणि त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. चाक उडतं, नाक वळणाबाहेर सरकतं. ज्या पकडीसाठी एवढा खर्च केला, ती ज्या जागी हवी होती नेमकी तिथेच गेली. गतिरोधकांचं तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, 25 किलोमीटरच्या वेगाने सुखाने ओलांडता येईल असा आहे. आपल्या गल्ल्यांतले उंचवटे अरुंद आणि अंगावर येणारे. गाडी तिथे टिकवून धरते ती प्रवासाची जागाच.

त्यातल्या त्यात काटकसरीचा सल्ला सर्वांत घातक: "शॉकअप अजून बरे आहेत, फक्त स्प्रिंगा टाका." स्प्रिंग 40 टक्क्यांनी कडक झाली की तिला आवरायला शॉकअपचा जोर 18 टक्क्यांनी वाढायला हवा. मूळ शॉकअप नवा असला तरी तो आता 15 टक्के अपुरा पडतो, आणि इथे तर तो झिजलेला आहे. तो "बरा" असल्याचं ठरतं कसं? बॉनेटचा कोपरा हाताने दाबून. हाताने दाबताना शॉकअप जितका वेगाने हलतो, त्याच्या कित्येक पट वेगाने तो खड्ड्यात हलतो, आणि त्या वेगाला आत वेगळे व्हॉल्व्ह काम करतात. दाबून गाडी हेलकावली तर शॉकअप नक्की गेला आहे. हेलकावली नाही, तर यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शर्यतीच्या गाड्यांचं काय? त्या कडक असतात, कारण त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो आणि टायरची पकड प्रचंड असते. त्यांच्या वेगाला हवेचा दाबही गाडीला खाली रेटतो. इथे पूर्वपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो: मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी फार कलली की बाहेरचं टायर आपल्या कडेवर उभं राहतं, आणि कोइमतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर चिकट टायर लावून धावणाऱ्याला कडक स्प्रिंगेचा खरा उपयोग होतो. जो वर्षातले बरेच दिवस ट्रॅकवर जातो, त्याच्याशी माझा वाद नाही. पण रस्त्यासाठी उत्तम चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास वेगळं सांगतो. 1930च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये हलती वजनं लावलेली गाडी बनवून प्रयोग केले आणि दाखवलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी मागे-पुढे डुलत नाही. 1962च्या लोटस एलानचा लौकिक वळणांवरच्या चपळाईचा, आणि तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, आवर होता शॉकअपचा. स्प्रिंगेने गाडी पेलायची आणि शॉकअपने तिला शहाणपण लावायचं, ही कामाची वाटणी मला आजही सर्वांत सुज्ञ वाटते.

तेव्हा मंडन असं. जुन्या जीटी टीएसआयमध्ये पैसे घालायचे असतील, तर उंची आणि स्प्रिंग मूळची ठेवा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा. डावी-उजवी जुळत असतील आणि स्प्रिंग तुटलेली नसेल, तर तिला हात लावू नका. रबराचं सगळं बदला: लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट, बंप स्टॉपर, मागच्या टॉर्शन बीमचे बुश. इथे पॉलियुरेथेनचा मोह टाळा. मूळ बुशमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी असतात. त्यांच्यामुळे चाक खड्ड्यात थोडं मागे सरकू शकतं आणि आडवं मात्र सरकत नाही. एकसंध कडक बुश हा भेदच पुसून टाकतो. सुधारणा करायचीच असेल तर ती शॉकअपमध्ये करा. बिल्स्टाइन मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी बी6 आणि आखूड स्प्रिंगांसाठी बी8 असे वेगळे शॉकअप बनवते. यातला पहिला घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे झीज सर्वांत जास्त होते, तिथेच वरच्या दर्जाची वस्तू बसते आणि प्रवासाची जागा शाबूत राहते.

आणि हे सगळं आणूनही काम वाया जाऊ शकतं, ते एका बोल्टमुळे. रबरी बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, आर्म हलतो तेव्हा ते पिळतं आणि परत येतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराची शून्याची जागा लोंबकळलेल्या आर्मवर ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. माझ्या गाडीचे नवे बुश एका गॅरेजने असेच बसवले होते. वर्षाच्या आत ते फाटले आणि दोष रस्त्यांवर गेला. दुसऱ्या वेळी मी चारही कोपऱ्यांची मापं कागदावर लिहून दुसरीकडे गेलो. तिथल्या मिस्त्रींनी कागद वाचला, लोअर आर्मखाली जॅक लावला, टेप धरून फेंडरचं अंतर कागदावरच्या आकड्याला आणलं, आणि मगच टॉर्क पाना हातात घेतला.