टॅटू, कावीळ आणि न्यूयॉर्कची ३६ वर्षांची बंदी

१९९८ साली न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूम या जुन्या नृत्यगृहात टॅटू कलाकारांचे मोठे संमेलन भरले. अशा संमेलनात रांगेने टेबले मांडलेली असतात, यंत्रांची अखंड गुणगुण चालू असते, कुणी दात आवळून पाठ पुढे करून बसलेला असतो आणि मधूनच मंचावर तलवार गिळण्यासारखे खेळही होतात. सुई मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. या शहरासाठी ही गोष्ट नवीन होती, कारण १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे तिथे टॅटू काढण्यावर बंदी होती.

खरे तर विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्याच सॅम्युएल ओ'रायली यांनी घेतले होते. यंत्रामुळे काम झटपट होऊ लागले, पण स्वच्छतेच्या सवयी जुन्याच राहिल्या. एकच सुई, एकच शाईची वाटी आणि पुसायला एकच स्पंज अनेकांना वापरला जाई. टॅटूची सुई त्वचेच्या आतल्या थरापर्यंत जाते, तिथे थोडे रक्त येतेच. आधीच्या माणसाच्या रक्तात कावीळीचा विषाणू असेल, तर तो पुढच्याला मिळतो.

१९६१ मध्ये कावीळीच्या काही रुग्णांचा संबंध टॅटूशी जोडून आरोग्य खात्याने बंदी घातली. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनी केलेले काम तेवढे वगळले. कोनी आयलंडचे टॅटू कलाकार फ्रेड ग्रॉसमन कोर्टात गेले, पण १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. खात्याची भीती अनाठायी नव्हती. बंदी आली तेव्हा हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडलेला नव्हता, त्याची तपासणी नव्हती आणि लसही नव्हती.

तरी टॅटू थांबले नाहीत, बंद दाराआड गेले. जिथे दुकानच बेकायदा, तिथे सुया उकळल्या की नाही हे तपासायला कोण जाणार? दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले. १९८१ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीची लस मंजूर झाली. एचआयव्हीच्या भीतीने हातमोजे आणि एकदाच वापरायच्या सुया रूढ झाल्या. १९९७ मध्ये बंदी उठली, पण टॅटू काढणाऱ्याला संसर्ग-नियंत्रणाचे प्रशिक्षण आणि परवाना सक्तीचा झाला.

आपल्याकडे गोंदणाची परंपरा जुनी आहे आणि जत्रेत आजही एका सुईने अनेकांना गोंदले जाऊ शकते. म्हणून स्टुडिओ असो वा जत्रा, एवढे पाहा:

• सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे.
• शाई तुमच्यासाठी नव्या छोट्या कपात ओतलेली हवी. उरलेली शाई बाटलीत परत जाता कामा नये.
• हातमोजे नवे हवेत. मध्येच फोन उचलला तर ते बदलायला हवेत.
• हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आधीच पूर्ण करा. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही, त्यामुळे तिथे स्वच्छ सुई हेच संरक्षण.
• टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करू नका.

टॅटू काढावा की नाही, हा तुमचा निर्णय. पण सुई कुठून आली हे विचारायला संकोच करू नका. जो कलाकार या प्रश्नावर चिडतो, त्याच्याकडून उठून यावे.