आजार लपविणारा सरडा : पाळीव शॅमेलिऑनचे दुखणे वेळीच ओळखा

- प्रतिनिधी

'सरड्यासारखा रंग बदलणे' हा वाक्प्रचार मराठीत अविश्वासू माणसासाठी रूढ आहे. प्रत्यक्षात शॅमेलिऑन रंग बदलतो तो कोणाला फसविण्यासाठी नव्हे. ऊन, थंडी, भीती, प्रतिस्पर्धी आणि जोडीदार यांना तो रंगांतून प्रतिसाद देत असतो. तो खरोखर फसवितो ते एकाच बाबतीत, आणि ती म्हणजे स्वतःचा आजार. झाडावर राहणारा हा संथ प्राणी अशक्त दिसला, की शिकारी पक्ष्याचे भक्ष्य होतो. त्यामुळे दुखणे शक्य तितके लपविणे हा त्याचा स्वभावच बनला आहे. पाळणाऱ्याच्या लक्षात आजार येतो, तेव्हा तो अनेकदा कित्येक आठवडे जुना झालेला असतो.

घरात पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये येमेन व सौदी अरेबियातील 'व्हेल्ड' शॅमेलिऑन आणि मादागास्करमधील 'पँथर' शॅमेलिऑन या दोन प्रमुख आहेत. या लेखातील माहिती मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑनला लागू पडते. आपल्याकडील झाडांवर आढळणारा घोयरा सरडा हाही शॅमेलिऑनच होय. मात्र तो पाळता येत नाही, याची माहिती शेवटी दिली आहे.

रोजची पाहणी

निरोगी शॅमेलिऑनचे डोळे दिवसभर उघडे असतात आणि दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरत असतात. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन विश्रांती घेत नसतो, तो आजारी असतो. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ प्राणी वाचू शकतील.

याखेरीज फांदीवरची पकड सैल होणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे, रंग सतत काळपट किंवा फिकट राहणे, जीभ भक्ष्यापर्यंत न पोहोचणे ही आजाराची लक्षणे आहेत. स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून ते वहीत लिहून ठेवावे. डोळ्यांना दिसण्यापूर्वी उतरते वजन धोक्याची सूचना देते.

पाण्याची कमतरता

शॅमेलिऑन सहसा वाटीतील पाणी पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. वाटी भरलेली असूनही तो तहानेने खंगतो तो यामुळेच. त्याच्या विष्ठेसोबत येणारा घट्ट भाग पांढरा असावा. तो पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. डोळे खोल जाणे ही त्यापुढची पायरी होय. दीर्घकाळ पाणी कमी पडल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. सांधे सुजण्याचा गाऊटचा विकारही जडू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. पहाटे आणि रात्री पानांवर काही मिनिटे बारीक फवारा द्यावा आणि दिवसा काही वेळ थेंब थेंब पाणी पानांवर पडेल अशी ठिबक व्यवस्था करावी. तोंडात बळेच पाणी ओतणे मात्र धोक्याचे आहे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते.

हाडांचा 'मुडदूस'

पाळीव शॅमेलिऑनमध्ये वारंवार आढळणारा गंभीर आजार हाडांचा आहे. लहान मुलांमधील मुडदुसाशी त्याचे जवळचे साम्य आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील 'बी' किरणांच्या साह्याने त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातील कॅल्शिअम अंगी लागते. हे किरण मिळाले नाहीत, की शरीर हाडांतून कॅल्शिअम ओढून घेऊ लागते. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, चालताना अंग थरथरते आणि साध्या पडण्याने हाड मोडते.

येथे दोन गैरसमज घात करतात. पहिला म्हणजे खिडकीजवळ पिंजरा ठेवला की ऊन मिळते. साधी काच हे किरण जवळपास सगळेच अडविते. दुसरा म्हणजे दिवा पेटतो आहे, तोवर तो चांगला आहे. अतिनील किरणांची नळी प्रकाश देत राहिली, तरी तिचे किरण क्षीण होत जातात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, म्हणजे प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावी लागते.

रातकिड्यांमध्ये कॅल्शिअम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. म्हणून कीटक देण्यापूर्वी त्यांवर कॅल्शिअमची पूड भुरभुरावी. 'ड' व 'अ' जीवनसत्त्वांची पूड मात्र बेतानेच द्यावी, कारण त्यांचा अतिरेकही विषारी ठरतो. वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. वेळीच उपचार झाल्यास आजार पुढे जाणे थांबते.

श्वास, डोळे आणि तोंड

तोंड उघडे ठेवून मान वर करून श्वास घेणे, श्वासासोबत टकटक आवाज येणे, तोंडात चिकट स्राव दिसणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. सतत ओला, कोंदट पिंजरा आणि थंडी ही त्याची नेहमीची कारणे. दिव्याखाली बसला असता अंग फिकट करून तोंड उघडत असेल, तर तो उकाडाही असू शकतो. अशा वेळी प्रथम तापमान मोजावे. ऊन शेकण्याच्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि इतरत्र २२ ते २७ अंश तापमान योग्य ठरते. दिवा पिंजऱ्याच्या आत असल्यास डोक्यावरचा तुरा व पाठ भाजते, म्हणून तो जाळीबाहेरच असावा.

डोळ्यांभोवती सूज येणे आणि कात नीट न निघणे यामागे 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. जबड्याच्या कडेला सूज किंवा पिवळसर पू दिसल्यास तो तोंडाचा संसर्ग समजावा. या दोन्हींसाठी पशुवैद्यकाचाच सल्ला हवा.

मादीची विशेष काळजी

व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशिवायही अंडी घालते, हे अनेकांना ठाऊक नसते. अंडी घालण्यासाठी तिला खोदता येईल अशी ओलसर वाळू किंवा माती लागते. ती सुमारे ३० सेंटिमीटर खोल असावी. अशी जागा न मिळाल्यास अंडी पोटातच अडकतात. फुगलेले पोट, तळाशी अस्वस्थ येरझाऱ्या आणि त्यानंतर मिटलेले डोळे व ग्लानी असा क्रम दिसला, तर ती तातडीची अवस्था असते. अशा वेळी एक दिवसही दवडू नये.

दवाखान्यात जाताना

कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असतोच असे नाही. असा अनुभवी डॉक्टर प्राणी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. जाताना ताजी विष्ठा, वजनाची नोंदवही, पिंजऱ्याची छायाचित्रे आणि दिव्याचा प्रकार व वय यांची माहिती न्यावी. विष्ठेच्या तपासणीत जंत व इतर परजीवी कळतात. मनाने प्रतिजैविके देऊ नयेत. शरीरात पाणी कमी असताना बळेच भरवूही नये.

निदान काहीही असो, प्रकाश, पाणी, तापमान व खाद्य या चार गोष्टी सुधारल्याशिवाय औषध टिकत नाही. बहुतेक आजारांचे मूळ प्राण्यात नसून पिंजऱ्यात असते. प्रत्येक शॅमेलिऑन एकटाच ठेवावा, त्याला कमीत कमी हाताळावे आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग माणसांना होऊ शकतो. लहान मुलांना तर विशेष जपावे.

कायदा काय सांगतो?

घोयरा सरड्याला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे वा घरी ठेवणे गुन्हा आहे. जखमी घोयरा आढळल्यास घरगुती उपचार न करता वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. व्हेल्ड व पँथर या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीत आहेत. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार भारतात त्यांची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा.