वसतिगृहाबाहेरची खोली

विद्यार्थ्याने कोठे राहावे, हा प्रश्न आपण बहुधा घरखर्चाचा समजतो. इतिहास पाहिला असता तो अधिकाराचाही आहे असे दिसते. ज्याच्या छपराखाली विद्यार्थी निजतो, त्याचे नियम त्याला पाळावे लागतात. ते छप्पर सोडण्याची वेळ आली, म्हणजे गावात त्याला जागा कोण देतो, यावर त्याचे शिक्षण अवलंबून राहते.

निजामी राजवटीत आपल्या जिल्ह्यात महाविद्यालय नव्हते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती; स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. परंतु संस्थानात राहून पदवी घ्यावयाची, तर १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. परगावच्या मुलाला तेथे वसतिगृह हेच घर होते.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या आणि पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ती मानली नाही. तेव्हा उस्मानियात प्रथम त्यांचे वसतिगृह गेले, मग विद्यापीठातून नावे काढली गेली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मुलांना वाकवायचे तर आधी त्यांचे अंथरूण उचलावे, हे सत्तेला नेमके ठाऊक होते. तो बेत पुरता साधला नाही, याचे कारण संस्थानाबाहेर दार उघडे होते. नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच होत.

मात्र बाहेरचे दार सर्वांनाच उघडे असते, असे समजण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली अमेरिका व इंग्लंडमध्ये शिकून बडोद्यास नोकरीवर गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात मिळाली, तीही जात कळताच सोडावी लागली. पदरी विद्या होती, हाती पगाराची नोकरी होती. नव्हती ती केवळ खोली.

त्यांच्याच नावाची स्वाधार योजना महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून सुरू केली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना बाहेर राहून शिकता यावे, हा तिचा हेतू. सुरुवातीच्या नियमांत जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले. त्यांपैकी निवासासाठी १२,०००, म्हणजे महिन्याला एक हजार. वसतिगृहाचे काम शासनाने अशा रीतीने काही अंशी गावावर सोपविले.

येथे आपला संबंध येतो. शासन भाडे देऊ शकेल. पण घरमालकाने आडनाव विचारून ‘खोली नुकतीच गेली’ असे म्हटले, तर त्यावर कोणत्या खात्याकडे उपाय आहे? धाराशिवात, तुळजापुरात, उमरग्यात आज महाविद्यालये आहेत. खेड्यापाड्यांतून मुले-मुली तेथे शिकावयास येतात. १९३८ साली आपल्या मुलांना परक्या प्रांताने जवळ केले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्या ऋणाची फेड करावयाची, तर आपल्या माडीवरची रिकामी खोली आपण कोणाला देतो आणि कोणाला नाकारतो, हे आपणच प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.