खोताची वाडी : पूरजोखमीचा खर्च
दक्षिण मुंबईतल्या गिरगावातील लाकडी जिने-ओसऱ्यांच्या घरांची ही जुनी वस्ती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्यात जेमतेम ७४. दक्षिण मुंबई बचावली. ५ ऑगस्ट २०२० रोजी मात्र कुलाब्यातच चोवीस तासांत ३०० मिमीहून अधिक कोसळला आणि गिरगावात पाणी भरले. ताशी २५ मिमी पाऊस धरून बांधलेल्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ५० मिमीवर नेणाऱ्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पासाठी केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले. नाल्यांचा खर्च असा सार्वजनिक. फुगलेली दारे, कुजलेले वासे बदलायचे ते मात्र घरमालकाने पदरमोड करून. हे अन्याय्य आहे. घरे शहराचा वारसा म्हणून राखायची, तर डागडुजीचा वाटाही शहराने उचलायला हवा. जागतिक मदतीकडे बोट दाखवून चालणार नाही : २०२२च्या शर्म अल-शेख हवामान परिषदेत ठरलेला हानी-नुकसान निधी विकसनशील देशांसाठी आहे, एकेका घरमालकासाठी नव्हे.