मुक्काम पांढरकवडा

मुक्काम हा शब्द अरबीतून मराठीत आला आणि थेट आपल्या पत्त्यावर जाऊन बसला. पांढरकवड्याला मात्र मुक्काम करणारे थोडे. नागपूर-हैदराबाद रस्त्याने पुढे निघून जाणारेच फार. 1818 च्या एप्रिलात दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत पळत या मुलखात आला. पांढरकवड्याजवळ त्याच्या फौजेची दाणादाण उडाली आणि जूनमध्ये तो माल्कमला शरण गेला. शाळेच्या पुस्तकात कोरेगाव असते, अष्टी असते. हे गाव नसते.

आता लोक येतात ते वाघासाठी. टिपेश्वर अभयारण्य 1997 साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे 148 चौरस किलोमीटर. सुन्ना गेटजवळ उतरायचे, पहाटे जिप्सीत बसायचे आणि गाव न पाहताच परतायचे, असा रिवाज पडला आहे. माझे ऐकाल तर एक रात्र गावातच काढा. जवळच्या केळापूरला जाऊन या. तालुक्याला नाव त्याचे, कचेरी मात्र पांढरकवड्यात. मग टपरीवर चहा घेताना अवनी वाघिणीचा विषय काढा. नोव्हेंबर 2018 मध्ये तिला गोळी घातली तेव्हा शहरांत हळहळ झाली. ज्या गावांची माणसे गेली होती, तिथे सुटकेचा श्वास. जंगलाच्या गेटवर हे ऐकायला मिळत नाही.

वाघालाही इथला मुक्काम पुरतोच असे नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ जागा शोधत निघाला, तेलंगणातून फिरून, शेकडो कोस चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.